हिंदी आली, मग इंग्रजी का नाही?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलची व्हायवा होती. आम्ही चौघी एकत्र आत गेलो. एक्स्टर्नल सरांनी माझ्या रूममेटला विचारलं, 'व्हॉट हॅपन्स टु द करंट ॲट सीरिज रेझोनन्स?' आता हा तिचा अगदी आवडता टॉपिक. आदल्या रात्री तिनंच तो मला जर्नलच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावला होता. पण व्हायवात ती गप्प! फक्त पंख्याचा आवाज. सरांनी थोडी वाट पाहिली आणि 'नेक्स्ट' म्हणाले. तोच प्रश्न माझ्याकडे आला. मी तिनंच शिकवलेलं उत्तर इंग्रजीत म्हणून दाखवलं. मला २० पैकी १८ मिळाले, तिला ११.

रात्री मेसमध्ये ती एवढंच म्हणाली, 'उत्तर माहीत होतं गं. वाक्य जुळवता जुळवता वेळ निघून गेला.'

मित्र-मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या हॉस्टेलमधल्या अर्ध्याअधिक जणांचं आहे. म्हणून हा लेख.

माझी रूममेट दारव्हा तालुक्यातल्या एका गावची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आमच्या पिढीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांनीसुद्धा बारावीपर्यंत तब्बल बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तिला दहावीत इंग्रजीत ८९ मार्क होते. टेन्स, व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट सगळं पाठ. मी मात्र चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटची. (आपल्या विदर्भात गल्लीतल्या कोणत्याही इंग्रजी बालवाडीला 'कॉन्व्हेंट'च म्हणतात, पण माझं खरोखरचं सिस्टर लोकांचं होतं!) शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड. मग बोलणार काय, इंग्रजीच!

मग प्रश्न पडला, बारा वर्षं शिकूनही बोलता का येत नाही?

आपल्याला हिंदी कोणी शिकवली?

याचं उत्तर मला बर्डीवर मिळालं. व्हायवानंतरच्या रविवारी आम्ही दोघी सीताबर्डीला गेलो होतो. जी मुलगी व्हायवात एक शब्द बोलली नाही, ती चपलेच्या दुकानात दहा मिनिटं हिंदीत घासाघीस करत होती. 'भैया, मेरे को ये नहीं चाहिए, वो वाला दिखाओ ना... इतना कायका महँगा?' व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात चार चुका असतील. पण चपला ८० रुपयांनी स्वस्त मिळाल्या!

मी तिला विचारलं, 'तुला हिंदी कोणी शिकवली?' ती म्हणाली, 'कोणीच नाही. आपोआप आली.'

विचार करा. नागपूर हे मुळातच दोन भाषांचं गाव. १९५६ पर्यंत ते मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्या राज्यात हिंदी आणि मराठी असे दोन्ही जिल्हे होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली, पण ऑटोवाल्याशी हिंदी आणि घरी मराठी ही सवय काही बदलली नाही. इथला माणूस एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतो आणि त्याला त्याचं काहीही वाटत नाही.

ही हिंदी आपल्याला कशी आली? एक, ती रोज लागत होती. दोन, आपण शब्द नाही, तर आख्खी वाक्यं उचलली. 'कितना लोगे', 'छुट्टा नहीं है', 'जाने दो ना'. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण चुकलो तेव्हा कोणी हसलं नाही. 'मेरे को' म्हटलं म्हणून दुकानदारानं आपल्याला कधी मार्क कापले का?

इंग्रजीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट झाल्या. ती रोज लागली नाही, परीक्षेला लागली. वाक्यांऐवजी स्पेलिंगं आणि नियम पाठ केले. आणि चुकलो की वर्ग हसला.

भाषांतर करताना गाडी कुठे अडते?

आपण इंग्रजी बोलताना आधी मनात मराठी वाक्य तयार करतो आणि मग त्याचं भाषांतर करतो. आपल्या आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलं. लिहिण्यासाठी, सरकारी पत्रव्यवहारासाठी ती पद्धत कामाची होती. पण बोलताना तेवढा वेळ कुठे असतो?

शिवाय दोन्ही भाषांची बांधणीच वेगळी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागे. म्हणजे मनातलं मराठी वाक्य शेवटपर्यंत पूर्ण झाल्याशिवाय इंग्रजी वाक्याचा दुसरा शब्दच सापडत नाही! व्हायवातली ती शांतता इथून येते. काही खास अडचणी बघा:

'मला' आणि 'आय' : मराठीत भूक आपल्याला 'लागते', सर्दी 'होते', गाणं 'आवडतं', गोष्ट 'आठवते'. सगळं आपल्यावर येऊन आदळतं, म्हणून वाक्य 'मला'पासून सुरू होतं. इंग्रजीत तिथे सरळ 'आय' येतो. 'आयम हंग्री', 'आय हॅव अ कोल्ड', 'आय लाइक इट', 'आय रिमेंबर'. 'मला'चं इंग्रजी शोधत बसलं की माणूस 'टु मी... टु मी...' करत अडकतो.

'समजून नाही राहिलं' : ही खास आपल्याकडची. पुण्याचा माणूस म्हणतो 'समजत नाहीये', आपण म्हणतो 'समजून नाही राहिलं'. त्याचं इंग्रजी होतं 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. पण इंग्रजीत समजणं, माहीत असणं, हवं असणं, जवळ असणं या चालू क्रिया मानत नाहीत, त्या स्थिती आहेत. म्हणून 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'आय नो', 'आय हॅव अ लॅपटॉप'. 'आय ॲम हॅविंग अ लॅपटॉप' म्हटलं की जणू लॅपटॉप खाऊन राहिलो!

आपला लाडका 'च' : 'मी इथेच आहे'चं आपण 'आय ॲम हिअर ओन्ली' करतो. इंग्रजीत 'च' नाही. तिथे तो आवाजातून येतो, म्हणजे ज्या शब्दावर भर द्यायचा तो जोरात म्हणायचा. किंवा वेगळा शब्द वापरायचा. 'आयम राइट हिअर.' 'तूच म्हणाली होतीस ना' म्हणजे 'यू सेड सो', त्यातला 'यू' ठासून. संपला विषय.

'ना' : 'तू येणार ना?' याला आपण 'यू आर कमिंग, इझंट इट?' म्हणतो. पुस्तकाप्रमाणे तिथे 'आरंट यू?' पाहिजे. पण दर वेळी सहायक क्रियापद शोधायला वेळ नसेल, तर नुसतं 'राइट?' म्हणा. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही सर्रास तेच म्हणतात.

गिळायचं कुठे, ठासायचं कुठे?

पुढची अडचण ऐकण्याची. परदेशी माणसाचं इंग्रजी कळत नाही, कारण आपण प्रत्येक अक्षर स्पष्ट म्हणतो आणि ते अर्धी अक्षरं गिळतात. पण गिळणं आपल्याला नवीन आहे का? आपण 'सरबत' लिहितो आणि 'सर्बत' म्हणतो. 'घरचा' लिहितो, 'घर्चा' म्हणतो. 'करतो आहे' कोणी म्हणतं का? 'करतोय' म्हणतात. अगदी त्याच पद्धतीनं इंग्रजीत 'व्हेजिटेबल'चं 'व्हेज्टबल' होतं, 'कम्फर्टेबल'चं 'कम्फ्टबल', 'आय ॲम'चं 'आयम' आणि 'गोइंग टु'चं 'गॉना'. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानं 'तू काय करत आहेस' असं सुटं सुटं म्हटलं की आपल्याला कसं वाटतं? आपलं पुस्तकी इंग्रजी त्यांना तसंच वाटतं.

गिळायचं कुठे ते ठरवतो शब्दातला जोर. प्रत्येक मोठ्या इंग्रजी शब्दात एक अक्षर राजा असतं, बाकीची प्रजा. आपल्याच ब्रँचचे शब्द घ्या. 'कपॅसिटर'मध्ये जोर 'पॅ'वर, 'कम्पोनंट'मध्ये 'पो'वर, 'डिव्हेलप'मध्ये 'व्हे'वर. आणि 'इंजिनीअर'मध्ये जोर शेवटी, 'नीअर'वर! 'डिटर्माइन' असा शब्दच नाही, तो 'डिटर्मिन' आहे. हे मलासुद्धा कॉलेजमध्ये आल्यावर कळलं.

एक चांगली बातमीही आहे. मराठी लिहिणाऱ्याला काही गोष्टी फुकट मिळतात. आपल्याकडे 'ॲ' आहे, म्हणून 'बॅट' आणि 'बेट' आपण वेगळे म्हणतो. 'व्होल्ट' आपण 'व्ह'नं लिहितो आणि 'वॅट' नुसत्या 'व'नं. हा फरक तोंडातही आणायचा. 'व्होल्ट'ला वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, 'वॅट'ला ओठ गोल करायचे, शीळ घालताना करतो तसे. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, आजच करून बघा!

ॲक्सेंट मात्र परदेशी करायची गरज नाही. हर्षा भोगले आठवा. हैदराबादच्या मराठी घरातला माणूस, उस्मानिया विद्यापीठाचा केमिकल इंजिनिअर, पुढे आयआयएम अहमदाबाद. त्यांचं इंग्रजी जगभरातले क्रिकेटवेडे ऐकतात. ते इंग्रज असल्याचं नाटक करत नाहीत. वाक्यं साधी आणि उच्चार स्वच्छ, बस्स.

कॉन्व्हेंटवालीची फजिती

आता माझी गंमत सांगते. मला वाटायचं, मला इंग्रजी येतं. मागच्या उन्हाळ्यात ऑनलाइन इंटर्नशिप केली. गाइड परदेशातले होते. मी म्हटलं, 'माय सीनिअर, हू डिड धिस प्रोजेक्ट, पास्ड आउट लास्ट इअर.' ते काळजीनं म्हणाले, 'ओह! इज शी ओके नाउ?' आपल्याकडे पास आउट होणं म्हणजे डिग्री घेऊन बाहेर पडणं. त्यांच्याकडे बेशुद्ध पडणं!

दुसऱ्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, 'आय हॅव अ डाउट.' त्यांना वाटलं, माझा त्यांच्यावर विश्वास नाही. आपला 'सर, डाउट आहे' म्हणजे त्यांचा 'आय हॅव अ क्वेश्चन'. तेव्हा लक्षात आलं की दोन रुपये दंड भरून शिकलेलं इंग्रजीही शेवटी वर्गातलंच होतं. निबंधाचं आणि प्रार्थनेचं. रोजच्या बोलण्याचं मलाही शिकायचंच होतं.

म्हणजे आपलं भारतीय इंग्रजी चूक का? मुळीच नाही. 'प्रीपोन' हा आपल्याकडचाच शब्द आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. आपसात 'डू द नीडफुल' चालतं, सगळ्यांना कळतं. फक्त समोर कोण आहे ते पाहून बोलायचं, जसं आपण गावी वेगळं बोलतो आणि प्रिन्सिपल सरांसमोर वेगळं.

आणखी एक. मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'दे', 'द्या', 'द्याल का'. इंग्रजीत सगळ्यांनाच 'यू', म्हणून 'गिव्ह मी युवर नोट्स' हे हुकूम दिल्यासारखं वाटतं. आपण मैत्रिणीलाही 'जरा नोट्स दे ना' म्हणतो, त्यातलं 'जरा' आणि 'ना' इंग्रजीत 'कुड यू' किंवा 'कॅन आय बॉरो'नं येतं. एवढ्यानं उद्धटपणा जातो.

आनंदीबाईंनी काय केलं?

इंग्रजी शिकण्याची सगळ्यात धाडसी मराठी गोष्ट आपल्याला माहीतच आहे, पण आपण ती डॉक्टरकीची म्हणून वाचतो. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ चा. इंग्रजीची सुरुवात गोपाळरावांनी करून दिली. पुढे अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या मिसेस कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. भाषांतराचे धडे नव्हेत, खऱ्या माणसाला लिहिलेली खरी पत्रं. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो हे जाहीर भाषणात इंग्रजीतून सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं! त्याच वर्षी त्या बोटीनं निघाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. योगायोग असा की त्याच १८८३ साली आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झालं.

मला यातून एक गोष्ट दिसली. ज्याच्याशी बोलायचंच आहे असं कोणीतरी पाहिजे. भाषा त्या माणसाच्या ओढीनं येते.

आमच्या रूमचे नियम

मग आम्ही ठरवलं. रोज जेवणानंतर ९ ते ९.३० फक्त इंग्रजी. पहिल्या दिवशी ती तयार होईना. कारण विचारलं तर बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, 'फर्स्ट इयरला मी कॉरिडॉरमध्ये 'येस्टरडे नाइट' म्हटलं होतं. तू हसली होतीस. सगळ्यांसमोर.'

मला आठवतही नव्हतं. तिला मात्र दोन वर्षं आठवत होतं. व्हायवातल्या त्या शांततेत माझंही हसू होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी सॉरी म्हटलं. पण ते ११ मार्क काही बदलणार नव्हते.

म्हणून आमचा पहिला नियम तोच झाला:

१) हसायचं नाही. वाक्य चालू असताना चूकही काढायची नाही. शेवटी फक्त तीन चुका सांगायच्या.

२) विषय साधे. आज मेसमध्ये काय होतं, वॉर्डन मॅडम काय म्हणाल्या. 'ग्लोबल वॉर्मिंग' नको.

३) वहीत शब्द लिहायचे नाहीत, वाक्यं लिहायची. 'आयम ऑन माय वे' (निघालेच), 'दॅट मेक्स सेन्स' (हां, पटलं), 'नेव्हर माइंड' (जाऊ दे), 'हाऊज इट गोइंग' (काय चाललंय).

४) अडलं की गप्प बसायचं नाही. मराठीत आपण 'म्हणजे', 'काय आहे ना' म्हणून वेळ काढतो. तसं इंग्रजीत 'वेल', 'आय मीन', 'लेट मी थिंक' म्हणायचं.

५) मोबाइलवर कॉमेंट्री किंवा मुलाखतीची दोन मिनिटं लावायची आणि त्याच चालीत, त्याच्या मागोमाग बोलायचं. मग स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं. (पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण सवय होते.)

चार महिन्यांत काय झालं? चमत्कार नाही. ग्रुप डिस्कशनमध्ये ती अजूनही अडखळते. पण या सेमिस्टरच्या व्हायवात प्रश्न आल्यावर ती म्हणाली, 'लेट मी थिंक फॉर अ सेकंद, सर.' आणि मग बोलली. एका ठिकाणी 'इज'च्या जागी 'आर' झालं. सरांना उत्तर कळलं. १६ मिळाले.

शेवटी दोन विनंत्या

पहिली आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना. आपलं इंग्रजी ही आपली हुशारी नाही. घरच्यांनी फी भरली, एवढंच. त्यामुळे कोणी चुकलं तर हसू नका. एखाद्याचं तोंड दोन वर्षं बंद करायला एक हसू पुरतं.

दुसरी आमच्या सर आणि मॅडमना, अगदी नम्रपणे. व्हायवात एखादा विद्यार्थी गप्प राहिला तर एकदा 'मराठीत सांग' म्हणून बघा. उत्तर आलं, की मग तेच इंग्रजीत सांगायला लावा. विषय येत नाही आणि इंग्रजी येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे मार्क एकत्र कापले जाऊ नयेत.

आणि हो, हा व्यवहार एकतर्फी नाही बरं का! हा लेख मी मराठीत लिहिला, पण पहिल्या मसुद्यात तिनं ४२ चुका काढल्या. 'की' आणि 'कि', 'पाणी' आणि 'पाणि', सगळं लाल पेनानं. दहावीपर्यंत दंड भरून मराठी टाळलेल्या मुलीचं आणखी काय होणार? ती ते वाचत होती आणि मी बाजूला बसून वाट पाहत होते.

ती एकदाही हसली नाही.

तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल